वरच्या अंगाची खुर्ची

“तू तिकडे बस, वरच्या अंगाला,” दादा म्हणाला, आणि मला धस्स झालं.

का, ते सांगते. या सुशीच्या हॉटेलात जेवण सरकत्या पट्ट्यावरून येतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक खिडकी आहे, तिला रबरी झालरी. त्यातून पट्टा बाहेर येतो, सगळ्या खुर्च्यांसमोरून सरकत जातो आणि पलीकडच्या खिडकीतून परत आत शिरतो. पट्ट्यावर पारदर्शक झाकणाच्या छोट्या ताटल्या, ताटलीत भाताच्या दोन मुटक्या, मुटक्यांवर माशाचा एकेक काप. आवडलं तर उचला, नाहीतर जाऊ द्या. म्हणजे पहिल्या खिडकीजवळ बसणाऱ्याची चंगळ, आणि खालच्या अंगाला बसलेल्याच्या वाट्याला काकडी. ही वरच्या अंगाची खुर्ची दादाने आजवर कुणालाही दिलेली नाही. आईला दिली नव्हती, मला कुठली देतोय! लहानपणापासून दुधावरच्या सायीवर पहिला हात त्याचाच, आणि वर विचारणार, “मोठा कोण आहे?”

“का रे? आज सूर्य कुठून उगवलाय?” मी विचारलं.

“बस गं. दमली असशील.”

दमली असशील! उभ्या जन्मात या माणसाने मला असं म्हटलेलं नाही. मी बसले खरी, पण खुर्ची टोचत होती.

दादा इस्पितळात एक्स-रे काढतो. सगळं गाव त्याला फोटोवाले म्हणतं. तळघरातली एक थंडगार खोली, तिच्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. “दिवसभर पेशंटवर खेकसून याचा घसा बसतो, बायकोवर कधी खेकसणार,” असं आई म्हणायची. त्यांच्या खात्याचा एक नियम आहे. फोटो काढायचा, पण त्यात काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं. लोक गयावया करतात, नातेवाईक ओळखी काढतात, पण दादा ढिम्म. “मी भिंत आहे भिंत,” असं छाती पुढे काढून सांगतो. “माझ्या तोंडावरून आजवर कुणाला काही कळलेलं नाही.”

त्याच दिवशी दुपारी त्याने माझ्या छातीचा फोटो काढला होता. मी पडदे शिवते. कापडाची धूळ नाकातोंडात जाणार आणि खोकला येणार, त्यात काय एवढं, असं मी जगाला सांगत होते. स्वतःलाही तेच सांगत होते. कपडे सैल व्हायला लागले होते, तेही उन्हाळ्यावर ढकललं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटणार होते. फोटो झाल्यावर दादा म्हणाला, “संध्याकाळी बाहेर जेवू या.” मला वाटलं, चला, याच्याही हाडाला जरा माया फुटली.

पट्टा सरकत होता. पहिली ताटली आली, लाल माशाची. दादाचा जीव की प्राण. त्याने उचलली, आणि माझ्यासमोर ठेवली.

“अरे, तुला घे ना.”

“मला भूक नाही फारशी.”

मग केशरी मासा आला, तोही माझ्यासमोर. मग कोळंबी. मग सोनेरी काठाची ताटली, जिच्याकडे बोट दाखवून तो नेहमी “ही डोळ्यांनी खायची” म्हणतो, तीही आली माझ्यासमोर. त्याच्यापुढे एक काकडीची ताटली होती, आणि तिच्यातली मुटकी तो काड्यांनी नुसता इकडून तिकडे ढकलत होता. मी बशीतला वासाबीचा झणझणीत हिरवा गोळा उचलायला गेले तर माझा हात धरून म्हणाला, “जपून. नाकात जातं ते.” पहिल्यांदा आलो होतो तेव्हा याच माणसाने तो अख्खा गोळा चटणी म्हणून मला खायला लावला होता, आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्यावर पोट धरून हसला होता.

कुणी न उचललेली एक ताटली समोरून परत परत जात होती. झाकणाला आतून घाम आला होता. एका फेरीला ती पलीकडच्या खिडकीत गेली, आणि मग आलीच नाही.

“टाकून देतात,” दादा म्हणाला. मी विचारलंही नव्हतं. आणि लगेच, “तू खा. खा बाळ.”

मी उचललेली मुटकी परत ठेवली. बाळ? मला तो म्हशी म्हणतो, फार लाडात आला तर भवाने.

“दादा, दुपारी काही दिसलं का रे?”

“डॉक्टर सांगतील उद्या.”

शब्द नेहमीचेच होते. पण एरवी तो यावर डाफरला असता, अक्कल काढली असती. आज त्याने हलक्या हाताने माझ्या कपात गरम पाणी ओतलं आणि कपाचा कान माझ्याकडे वळवून ठेवला.

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरून कुणीतरी ओरडलं, “अहो फोटोवाले! ओळखलंत का?”

चांगला ऐसपैस गृहस्थ होता, मांडीवर नात, नातीच्या गालाला भात. दादाने मान हलवली, पण त्याला तो आठवत नव्हता, हे मला दिसलं.

“तुम्ही कसे ओळखाल, रोज शंभर छात्या बघता! पण मी कसा विसरेन?” मग तो माझ्याकडे वळला. “वहिनी का?”

“बहीण,” मी म्हटलं.

“ताई, मागच्या वर्षी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं हो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला, आणि माझी झोप उडाली. फोटो झाला, आणि हे माझ्यावर कडाडले. ‘शर्ट घाला लवकर, बाहेर तुमच्यापेक्षा आजारी माणसं ताटकळलीत!’ बाहेर आलो आणि बायकोला मिठीच मारली. म्हटलं, सुटलो!”

“का बरं?” मी विचारलं.

“घ्या! आणि तुम्ही बहीण यांची? अहो, आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे. फोटोवाले खेकसले की समजायचं सगळं ठीक आहे. गोड बोलायला लागले तर मात्र देवाचं नाव घ्यायचं.” तो खदखदून हसला. “आमच्या शेजाऱ्यांना बिचाऱ्यांना हात धरून दारापर्यंत सोडलं होतं यांनी. पुढच्या दिवाळीला नव्हते ते.”

नात कंटाळून रडायला लागली म्हणून तो उठला. जाताना दादाच्या पाठीवर थाप मारून गेला. “असेच ओरडत राहा!”

दादाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. इतकी वर्षं भिंत म्हणून उभा राहिलेला माणूस, आणि लोक त्या भिंतीवरचं सगळं वाचत होते. त्याला एकट्यालाच त्याचा पत्ता नव्हता. मला त्याची इतकी दया आली की क्षणभर स्वतःचं विसरायला झालं.

क्षणभरच. मग दुपार आठवली. खोलीत गेले तेव्हा तो नेहमीसारखाच होता. “हनुवटी वर! खांदे पुढे! श्वास धर म्हटलं ना, बहिरी झालीस का?” मग तो काचेमागे गेला. तिथून लवकर बाहेर आलाच नाही. आला तो पावलं न वाजवता. “जरा हललीस वाटतं,” म्हणाला. “अजून एक काढू या.” छाती टेकवायची ती पाटी बर्फासारखी गार असते. माझ्या अंगाला लागू नये म्हणून त्याने ती स्वतःच्या तळव्याने घासून घासून ऊबदार केली. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा!

“दादा.”

“हं.”

“मी हलले नव्हते ना रे?”

तो पट्ट्याकडे बघत राहिला. समोरून काकडी गेली, कोळंबी गेली. या खुर्च्या ओळीने मांडलेल्या आहेत ते एक बरं, माणसाला माणसाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

“नाही,” तो म्हणाला.

उभ्या नोकरीत त्याने नियम मोडला तो एवढा एका शब्दापुरता. भीती वाटली, सरळ सांगते, भयंकर भीती वाटली. मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा आठवला आणि उगाचच त्याचीच काळजी लागली.

“उद्या मी येतोय तुझ्याबरोबर,” तो म्हणाला. “रजा घेतलीय.”

दादा आणि रजा! आई गेली तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी कामावर होता हा.

“किती दिवसांची?”

“लागेल तेवढी.”

मी काड्या खाली ठेवल्या. आजूबाजूला ताटल्यांवर ताटल्या रचल्या जात होत्या, पोरं खिदळत होती, आत कुणीतरी भांडी आपटत होतं. मला ते गोड बोलणं आता सहन होईना.

“दादा, एक करशील? एकदा खेकस ना माझ्यावर. नेहमीसारखं.”

त्याने चमकून बघितलं. मग खुर्चीत ताठ झाला, घसा साफ केला, कपाळाला आठ्याही आणल्या बिचाऱ्याने.

“काय गं म्हशी,” तो म्हणाला. “जेवायला आलीस की… की…”

पुढे त्याला येईना. मग त्याने मान खाली घातली आणि पाठीमागून हात आणून माझ्या पाठीवर पालथा ठेवला. तसाच ठेवून बसला. मला खोकल्याची उबळ येत होती. हाताखाली त्याला कळलं असतं, म्हणून मी ती दाबून धरली.