गजरा पांढरा होईपर्यंत

हा एक फोटो जमला, तर सुलाबाईंच्या वधू-वर मंडळातल्या झाडून सगळ्या मुली यापुढं गोरक्षच्या स्टुडिओचा जिना चढणार होत्या. नाही जमला, तर त्या चौकातल्या नव्या, काचेच्या दाराच्या, उभ्या उभ्या फोटो हातात देणाऱ्या दुकानात जाणार होत्या, आणि त्यांच्यामागून त्यांच्या लग्नांचे अल्बमही तिकडंच जाणार होते. एवढा सरळ हिशेब डोक्यात ठेवून गोरक्ष लेन्सची कडी फिरवत होता.

"हनुवटी जरा खाली, ताई. अजून थोडी. हां, तशीच."

मुलीचं नाव रूपाली. आई अंबूबाईबरोबर ती सकाळच्या एसटीनं चांदवडहून नाशिक रोडला आली होती. अंगानं बारीक, नाकीडोळी नीटस, आणि दर थोड्या वेळानं पाठ टेकायला भिंत शोधणारी.

"दमलीस का गं?"

"उपास चालू हायेत तिचे," अंबूबाई म्हणाली.

विचारलं होतं मुलीला, उत्तर आलं आईकडून. गोरक्षच्या धंद्यात हे रोजचंच. त्यानं दिव्यावरची छत्री थोडी वळवली. तेवढ्यात अंबूबाई उठून जवळ आली आणि तिनं मुलीच्या पदराची कड गळ्यावर ओढली.

"ही माळ दिसाया नको फोटोत."

काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेली माळ होती ती.

"काढून ठेवा ना मग पाच मिनिटं."

"देवीची हाय. काढता येत नाय."

गोरक्ष माळेकडं बघत राहिला. शाळेत असताना अशीच माळ सिन्नरकडच्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर ठेवली होती. ती दिवसागणिक वाढते, डोक्यावरून गळ्यात उतरते, आणि ती खाली आली म्हणजे कावीळ उतरली असं समजायचं. देवीचा त्यात काही संबंध नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर पुसून टाकतो."

लेन्स जुनी जपानी होती. देवळालीला एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरातलं सामान विकायला निघालं, तेव्हा गोरक्षनं ती उचलली आणि सातपूरच्या एका लेथवाल्याकडून कडी कातून घेऊन आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवली. तिची काच वयानं पिवळी पडलेली. कडक चहातून बघावं तसं तिच्यातून सगळं दिसायचं. जाणकारांनी सांगितलं होतं, लेन्स उन्हात ठेव, पिवळेपणा जाईल. गोरक्षनं ती कधी उन्हात ठेवली नाही. बारशाला, वाढदिवसाला लोक खास तो सोनेरी रंग मागायला येत. दहा वर्षांचं पोरगंही त्या फोटोत आजोबांच्या काळातलं दिसे, आणि याचे लोक जास्तीचे पैसे देत.

लग्नाच्या फोटोंना मात्र सोनेरी चालत नसे. मुलगी गोरी लागे, आणि गोरी म्हणजे मुलाच्या आईला वाटेल तेवढी गोरी. दुसरी तशी लेन्स घेणं परवडत नव्हतं, म्हणून गोरक्षनं एक युक्ती काढली होती. फोटोला बसणाऱ्या प्रत्येक मुलीला तो मोगऱ्याचा ताजा गजरा माळायला लावी. मुलींना वाटायचं, काय हौशी माणूस आहे! त्याला हवा असायचा तो गजऱ्याचा पांढरा. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि पडद्यावरची, पिवळा कमी-जास्त करणारी पट्टी मागं ओढत राहायचं, गजरा पांढरा होईपर्यंत. तो पांढरा झाला की लेन्सचा पिवळा गेला. साडी, कातडी, दात, डोळे आपापल्या मूळ रंगावर येत. मग त्यावर गोरेपणाचा हात फिरवायचा.

मायलेकींना बाकावर बसवून तो पडद्यासमोर बसला. पट्टी ओढली. गजरा पांढरा झाला. ब्लाउजची पांढरी किनार पांढरी झाली. दातही.

डोळे झाले नाहीत.

त्यानं पट्टी आणखी ओढली. गजरा निळसर पडला, साडी राखेसारखी झाली, तरी डोळे लिंबाच्या सालीसारखेच. त्यानं पट्टी पुन्हा जागेवर आणली, खुर्ची मागं सारली आणि मान वळवून बाकाकडं बघितलं. रूपाली भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. अंबूबाई त्याच्याकडंच बघत होती.

"चहा सांगू, मावशी?"

"नको. एसटी गाठायचीये."

गोरक्ष खाली जाऊन एकटाच चहा पिऊन आला. चहाच्या टपरीवर त्यानं काय विचार केला ते त्याचं त्याला ठाऊक; पण जिना चढून आल्यावर तो सरळ पडद्यासमोर बसला. त्यानं फक्त डोळ्यांचा पांढरा भाग निवडला आणि तेवढाच धुऊन काढला. मग चेहरा उजळला. मग गळ्यातली माळ पुसली. नेहमीच्या शिस्तीप्रमाणं मूळ फोटो सीडीवर उतरवून सीडी कपाटात टाकली आणि अंबूबाईला हाक मारली.

"लय ग्वाड आलाय," ती म्हणाली.

रूपालीनं पडद्यावर बराच वेळ स्वतःला बघितलं.

"दादा, दिवाळीत मी अशीच होते."

"चल, गाडी जाईल," अंबूबाईनं तिचं मनगट धरलं.

स्थळ जुळलं. मुलगा नाशिक रोडचाच, समाधान नावाचा, प्रेसमध्ये नोकरीला. नोटांच्या छपाईत शाई कुठं फिकी, कुठं गडद, हे बघणं त्याचं काम. म्हणजे रंगातला फरक ओळखण्याचाच पगार घेणारा जावई अंबूबाईला मिळाला. मुलगी बघायला मंडळी चांदवडला गेली ती संध्याकाळी, भारनियमनाच्या वेळेत. इमर्जन्सी दिव्याच्या निळ्या उजेडात पोहे खाल्ले, मुलीनं डोळ्यांत काजळ घातलेलं, मान खाली. जे बघायचं ते मुलाच्या आईनं फोटोत आधीच बघून ठेवलं होतं. मेमध्ये लग्न लागलं, आणि सुलाबाई प्रत्येक मुलीच्या बापाला सांगू लागल्या, "प्रेसचा मुलगा पटला तो गोरक्षच्या फोटोवर." जिना झिजायला लागला. गोरक्षनं मोठा प्रिंटर घेतला.

श्रावणात रूपाली गेली. दवाखान्यात नेली तेव्हा शुद्ध नव्हती. यकृत पार निकामी झालं होतं. आजार किती दिवसांचा, ते आता नेमकं सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. या एका वाक्याला दोन्हीकडून माणसं लोंबकळली. सासरचे म्हणाले, आजारी मुलगी गळ्यात मारली. माहेरचे म्हणाले, छळून, उपाशी ठेवून मारली. अंबूबाईनं पोलिसांत तक्रार दिली आणि तक्रारीला फोटो जोडला.

नंतर ती स्टुडिओत आली. बाकावर टेकली नाही, उभीच राहिली.

"पोलीस इचारतील तुमाला."

"काय विचारतील?"

"फोटो कवाचा, कुनी काढला. पोर कशी व्हती." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुमी तर बघितलीच व्हती तिला. धडधाकट व्हती का नाय?"

गोरक्षनं तिच्याकडं बघितलं. ती भिंतीवरच्या फोटोंकडं बघत होती, जिथं सगळ्याच मुली धडधाकट होत्या.

"मावशी, ती माळ..."

"देवीची व्हती."

खालच्या रस्त्यावरून नाशिककडं जाणारी बस गेली. काचा थरथरल्या.

"सांगीन," गोरक्ष म्हणाला. "होती तशीच काढली, म्हणून सांगीन."

आणि हवालदार आला तेव्हा त्यानं तसंच सांगितलं, सहीही केली. समाधान आणि त्याची आई आत गेले, काही आठवड्यांनी जामिनावर सुटले. खटला उभा राहायचा होता.

दिवाळीच्या आधी, दुपारची गिऱ्हाइकं नसताना, एक माणूस जिना चढून आला आणि दारातच थांबला. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा.

"मी समाधान. रूपालीचा..."

"या ना, बसा."

तो बसला तो नेमका बाकाच्या त्याच टोकाला. खिशातून फोटो काढला. तोच. कोपरे मऊ पडलेले.

"वकील म्हणतात, मूळ फोटो असेल तर बघा. कॉम्प्युटरवर लोक काहीबाही करतात म्हणे."

गोरक्षची नजर कपाटाकडं गेली आणि तिथून खिडकीकडं सरकली.

"मूळ ठेवत नाही हो आम्ही. जागा भरते."

"मीही तेच म्हटलं वकिलाला. तुम्ही कशाला काय करणार?" त्यानं फोटो गुडघ्यावर ठेवला. "भाऊ, एक विचारू? हळद किती दिवस उतरत नाही अंगावरची?"

"म्हणजे?"

"लग्नात हळद लागते ना. ती आली तेव्हा पिवळीच होती. आई म्हणाली, चांदवडकडची हळद चांगली, उतरायला वेळ लागतो. मीही म्हटलं, असेल. महिना झाला तरी पिवळीच. डोळेसुद्धा. मग मी हा फोटो काढून बघायचो." त्यानं बोट फोटोतल्या डोळ्यावर टेकवल्यासारखं केलं, टेकवलं नाही. "यात बघा, कसे दुधासारखे आहेत. म्हटलं, मुळात अशी आहे ना ही, मग होईल पुन्हा. घर नवीन, पाणी नवीन. दिवसभर शाई बघून घरी आल्यावर माझ्या डोळ्यांना तरी कुठं खरं दिसतं? हा फोटो नसता, तर जूनमध्येच नेली असती दवाखान्यात."

गोरक्ष पडद्याकडं वळला. तिथं काही उघडलेलं नव्हतं.

"तिनं एकदा फाडायला घेतला होता हा," समाधान म्हणाला. "मी ओरडलो तिच्यावर. फोटोसाठी. बोललो तेवढंच मी तिला लग्नानंतर वाईट, विचारा कुणालाही."

त्यानं गुडघ्यावरचा फोटो उचलून गोरक्षपुढं धरला.

"मला एक मोठा काढून द्या यातला. घरात लावायला. पण..." तो अडखळला. "थोडी पिवळी करता येईल का? तुमच्याकडं होतं म्हणे तसलं काहीतरी, सोनेरी. माझ्याकडं होती तेव्हा ती तशीच होती. ही गोरी कोण, मला ओळखूच येत नाही."

गोरक्षनं फाइल उघडली. कित्येक महिने तो ज्या दिशेनं पट्टी ओढत आला होता, तिच्या उलट दिशेनं त्यानं ती ओढली. गजरा पिवळा झाला. साडी मध घातल्यासारखी झाली. गाल, कपाळ, शेवटी डोळे.

"अजून," समाधान पाठीमागून म्हणाला.

गोरक्षनं अजून ओढली.

"हां. ही."

पडद्यावर रूपाली तशी झाली, जशी त्या सकाळी बाकावरून उठून लेन्ससमोर आली होती. नव्हती ती फक्त गळ्यातली माळ. पण असा फोटो कोर्टात चालत नाही. त्याला इफेक्ट म्हणतात, आणि तो गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून दिलेला असतो.

प्रिंटर घरघरला. कागद हळूहळू बाहेर आला, आधी गजरा, मग कपाळ. समाधाननं ओला कागद दोन्ही तळव्यांवर धरला, नोटेचा पहिला छाप उजेडाला धरावा तसा खिडकीकडं नेला, आणि मान हलवली.

"किती झाले?"

"राहू द्या."

"असं कसं, भाऊ? मोठा प्रिंट आहे."

"राहू द्या म्हटलं ना."

समाधान हात जोडून जिना उतरला. खटल्याची तारीख डिसेंबरातली होती. रूपालीनं जीव गमावला होता, अंबूबाईनं पोर गमावली होती, समाधाननं नोकरीचं टेबल सोडलं होतं आणि त्याच्या आईनं म्हातारपणी कोठडी बघितली होती. गोरक्षनं एका प्रिंटचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी सुलाबाईंनी पाठवलेली नवी मुलगी आली. त्यानं तिला गजरा माळायला सांगितला.