कुटारातला अननस

मी अननस बोलतोय. घाईत बोलतोय, समजून घ्या.

जन्म माझा केरळातला. ट्रकनं अमरावतीला आलो. बाजारात संध्यानं मला हातात तोलून पाहिलं, बुडाशी नाक लावून वास घेतला आणि पिशवीत घातलं. हिवरखेडला तिचे वडील खुशालराव टायफॉइडमधून नुकतेच उठलेले. तोंडाला चव नाही, घास उतरत नाही. खाणं सुरू झालं नाही तर पुन्हा अकोल्याला भरती करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. खुशालराव एवढंच म्हणाले होते, "अननस असन तं खाईन."

"आई, आजच काप," असं सांगून संध्या परतली.

पण तिच्या आईला, जयवंताबाईंना, माझी हिरवट साल दिसली. जन्मभर आंबे पिकवलेली बाई, एक आढी कधी फसली नाही. त्यांनी मला मागच्या खोलीत कुटारात, गव्हाच्या भुशात, पुरून टाकलं.

आता यांना कोण सांगणार? आंबा उतरवल्यावर पिकतो. मी रोपावरून तुटलो की माझी गोडी तिथेच थांबते, पुढे नुसतं सडणं. बाहेरचं बोलणं रोज कानी पडे.

"पिकला काय?"

"नाई अजून. उद्या पाहू."

त्या उद्याची मला धडकी भरे. बूड मऊ पडत चाललं होतं आणि तिकडे खुशालराव पेजेलाही तोंड लावत नव्हते.

आज सकाळी ते भिंत धरत धरत स्वतःच आत आले. वास त्यांना पोचला होता.

"जयवंता, हा सडून राहिला."

"कच्चा हाय तो. पोट बिघडलं तं? मले पुन्हा दवाखाना नाई पाहाचा." बोलता बोलता जयवंताबाईंना रडू फुटलं.

"काप म्हणतो ना."

जयवंताबाईंनी शेंडा उडवला, मऊ बूड चांगलं वरपर्यंत कापून टाकलं, साल काढली, डोळे तिरपे कोरले. जीभ चरचरू नये म्हणून फोडी मिठाच्या पाण्यातून काढल्या. खुशालरावांनी एक तोंडात घातली. जयवंताबाई त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

"आंबट हाय," ते म्हणाले, आणि वाटी पुढे केली. "दे अजून."

माझा सगळ्यात गोड भाग बुडाशी होता. तो उकिरड्यावर गेला, याचं मला फार वाईट वाटतं. बायांनो, आंब्याचा न्याय मला लावू नका. वास पाहून घ्या आणि लगेच कापा.

आता शेवटची फोड उरलीय. ती खुशालरावांनी जयवंताबाईंच्या तोंडापुढे धरलीय. "तुमीच खा," म्हणून त्या मान फिरवताहेत. खुशालराव मात्र हात मागे घेत नाहीत.