गरुडाच्या पोटातली काडी

पारासमोर माणसाला माणूस चिकटलं होतं. हलग्या अशा कडाडत होत्या की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. तेवढ्यात मंडपामागून चक्रीबाबाचा गरुड खरोखरच वर उठला. पितळी चोच, मोरपिसांचं अंग आणि डोक्यावर गरगरणारं चक्र!

"ज्याच्या दारात गरुड बसंल, त्याच्या घरात भानामती!" बाबा गरजला. "देव कुणाला पत्ता इचारत न्हाई!"

दिनकरराव पाटलांच्या म्हशीच्या दुधात रक्त येत होतं. कुणीतरी भानामती केली, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. आता फक्त नाव हवं होतं. गरुड पिंपळाकडं निघाला, मध्येच डगमगला, डावीकडं घसरला आणि विधवा तानुबाईच्या दारात बसला.

गावातलाच शिकलेला रंगनाथ जिंतूरच्या एसटीतून उतरून धावत आला तेव्हा उशीर झाला होता. भानामती करणारीचे दात पाडले की तिच्या तोंडून मंत्र निघत नाही, असा तिथला समज. तानुबाईला लिंबाला बांधलं होतं. तिचे पुढचे दोन दात मातीत पडले होते आणि सूर्यभान लोहाराची सांडशी तिसऱ्याकडं वळली होती.

"सूर्यभानदादा, थांबा! मावशीनं काय केलंय?"

"मला काय इचारतू? देवानंच दाखिवलंय."

देव दारात निवांत उभा होता. त्याच्या अंगाला जळक्या एरंडेलाचा वास येत होता. हा वास रंगनाथच्या ओळखीचा होता. औरंगाबादेत पदार्थविज्ञान शिकताना एका मित्राचं असलंच यंत्र त्यानं खोलून पाहिलं होतं. त्यानं सरळ गरुड उचलला.

"भस्म होशील!" बाबा ओरडला.

रंगनाथचा तळहात चर्रकन भाजला. गर्दी शहारली. "बगा, देवानं भाजलं!"

"देवानं न्हाई, सायलेन्सरनं," तो कळ सोसत म्हणाला. "मुंजाजीकाका, फटफटीनं तुमची पोटरी भाजली, तवा तुमी काय पाप केलं होतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. रंगनाथनं ओंजळीनं मोरपिसं उपटली. आत इंजिन होतं, तेलाची टाकी होती, तारा होत्या. मग त्यानं बाबाच्या चेल्याच्या अंगावरची शाल ओढली. चेल्याच्या हातात लांब एरियलची पेटी होती.

"हे खेळण्यातलं हेलिकॉप्टर हाय. ह्या पेटीतून रेडिओनं चालतं."

"असंल," दिनकरराव म्हणाले. "पर मग तानीच्याच दारात का बसलं?"

प्रश्न रास्त होता. रंगनाथ वाकून पाहू लागला. चक्राखाली एक गोल तबकडी होती. डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन बारीक काड्या तिला पेलत होत्या. तबकडी जिकडं कलेल तिकडं चक्र कलतं आणि चक्र कलेल तिकडं यंत्र सरकतं. डावी काडी उजवीपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी आखूड होती.

"ही काडी कुणी बदलली?"

चेला बाबाकडं पाहायचं टाळत पुटपुटला, "कल गिरा था साब. नवी डाली, नाप नई जम्या. मैं झाड़ के पास उतारने कू था... उधरीच खिंच गया."

म्हणजे तानुबाई बाबाच्याही मनात नव्हती. यंत्र चुकून तिच्या दारात गेलं आणि बाबानं त्या चुकीवर देवाचा शिक्का मारला.

"बोलणं सोपं हाय," दिनकरराव म्हणाले. "करून दाखीव."

काड्यांच्या टोकांना आट्यांवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या होत्या. रंगनाथनं त्या फिरवल्या. डावी काडी लांब केली, उजवी आखूड. गरुड पारासमोर ठेवला आणि सगळ्यांना लांब सरकवून तो चेल्याला म्हणाला, "वर ने, खाली आण. डावं-उजवं मातर करायचं न्हाई."

आता हलग्या गप्प होत्या. इंजिनची घरघर साऱ्या गावानं पहिल्यांदाच ऐकली. नागवा गरुड उठला, उजवीकडं कलला, घसरत गेला आणि दिनकररावांच्या ओट्यावर आदळला.



"सूर्यभानदादा," रंगनाथ म्हणाला, "सांडशी घेऊन तिकडं जा की आता."

सूर्यभान जागचा हलला नाही. दिनकररावांनी नकळत तोंडावर हात ठेवला होता.

क्षणभरानं तीच गर्दी बाबाच्या दाढीला झोंबली. रंगनाथ मध्ये पडला. "पुन्ना तेच करायलाव का? त्याला पोलिसात द्या. दुधात रगत येतंय म्हंजी म्हशीच्या कासंला सूज असंल, तिला जनावराच्या डॉक्टरकडं न्या. आन् उद्या दुसरा बाबा दुसरा चमत्कार घिऊन आला, तर हात जोडायच्या आधी त्याला एवढंच म्हणा, पिसं काढ, आत काय हाय ते बगू दे."

शेजारच्या चतुराबाईनं तानुबाईचे दोर सोडले. तानुबाई खाली बसली. तिनं मातीतले दोन्ही दात वेचले, पदरानं पुसले आणि तळहातावर घेऊन सूर्यभानसमोर धरले.

"आन् हे रं, सूर्यभाना? हे कोणती काडी फिरवली म्हंजी बसतेल?"