पाचावर अडकलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना पायपंप आहे आणि स्वभावाने जळका आहे. एकवीस वर्षं पेट्रोल जाळणाऱ्या गाडीच्या डिकीत काढली. तिच्याकडून दुसरं काही शिकलो नसेन, पण जळणं शिकलो. वस्तूला कसला आलाय मत्सर, असं तुम्ही म्हणाल. घरात नवी गाडी येऊ द्या आणि मग खुंटीला टांगलेल्या माझ्याकडे बघा.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एकाने पत्रा कापला, दुसऱ्याने नळकांडं जोडलं, तिसऱ्याने रबरी नळी आणि पितळी तोंड बसवलं. शेवटी माझ्या अंगावर एक गोल तबकडी लावली. चाकात किती हवा आहे ते त्या तबकडीवरचा काटा सांगतो. पायाने दाबून हवा भरायची आणि काट्याकडे पाहायचं, एवढंच माझं काम.

मला विकत घेणारे गृहस्थ बसचालक होते. घरात आणि आळीत सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांची गाडी लहान होती आणि तिच्या चाकांना बत्तीस पौंड हवा लागे. दर रविवारी सकाळी अप्पा मला डिकीतून काढत, चारही चाकांपाशी बसवत आणि काटा बत्तीसवर आला की समाधानाने म्हणत, "हवा बत्तीस!" हळूहळू हे दोन शब्द त्या घरात रुळले. परीक्षेचा पेपर कसा गेला, असं विचारलं की अप्पांचा मुलगा म्हणे, "हवा बत्तीस." त्याचं लग्न झालं. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी नव्या सुनेला विचारलं, "काय सूनबाई, हवा बत्तीस ना?" ती बिचारी आधी गोंधळली. आठवडाभरात तीही सासऱ्यांना तेच उत्तर देऊ लागली. मित्रांनो, घराच्या बोलण्यात आपला आकडा असणं हा किती मोठा मान असतो, ते त्या मानातून उतरल्यावर कळतं.

अप्पा निवृत्त झाले. मुलगा शिंपी झाला. बाहेरच्या खोलीत त्याचं शिलाईयंत्र दिवसभर चालू असतं. सूनबाई परिचारिका आहेत. ज्यांना दवाखान्यात जाता येत नाही अशा रुग्णांच्या घरी जाऊन त्या मलमपट्टी करतात, इंजेक्शनं देतात, रक्तदाब मोजतात. गाडी त्यांच्याच कामाला लागे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची मोठी फेरी असे. नऊ घरं, एकशे पंचेचाळीस किलोमीटर. शेवटचं घर टेकडीपलीकडे. तिथे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्या चाकांच्या खुर्चीत असतात आणि त्यांच्या पायाची जखम भरायला फार दिवस घेते आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी तेव्हा कोणालाही सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी हवा भरून झाल्यावर मी गाडीच्या शेडमधल्या फळीवरून खाली पडलो. काच फुटली नाही, नळी सुटली नाही. अप्पांनी मला पुसून पुन्हा जागेवर ठेवलं. पण त्या दिवसापासून माझा काटा शून्यावर येईना. पोट रिकामं असलं तरी तो पाचावर टेकून राही. म्हणजे मी बत्तीस दाखवत होतो तेव्हा चाकात सत्तावीसच असत. त्यामुळे जुनी गाडी जड चालू लागली, पेट्रोल जास्त पिऊ लागली. "वय झालं तिचं," असं सगळे म्हणाले आणि एक दिवस ती विकली गेली. मी गप्प होतो. पंप बोलत नाहीत ही सबब तेव्हा फार उपयोगी पडली.

मग एका मंगळवारी 'ती' आली. विजेवर चालणारी, छोटी, पांढरी. ना आवाज, ना धूर. शेडच्या भिंतीवर तिच्यासाठी खास डबा बसवला, त्यातून जाडजूड वायर काढली. संध्याकाळी सूनबाई ती वायर गाडीला लावत आणि सकाळी काढली की झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तशा हलक्या हाताने झाकण ओढून घेत. माझी नळी एकवीस वर्षांत कोणी इतक्या मायेने हाताळली नव्हती.

तिच्या पडद्यावर एक आकडा उमटे : एका युनिट विजेत किती किलोमीटर. संध्याकाळी सगळं घर तो आकडा पाहायला शेडमध्ये यायचं, जणू तिचा निकालच लागला आहे. "सात!" सूनबाई सांगत. "पाय उचलला की आपोआप हळू होते हो, आणि तेवढीच वीज परत आत साठते. ब्रेकला हात लावावा लागत नाही." "ब्रेकला पाय लावतात," नवरा म्हणे. "तू शिव रे बाबा," त्या म्हणत. आणि सगळे हसत. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती एकशे अडुसष्ट किलोमीटर जाई. मोठी फेरी सहज होई.

मी खुंटीवरून बघत होतो आणि मनाची समजूत घालत होतो की बाकी काही असो, हवा तर हिलाही लागेल. दुसऱ्या रविवारी मुलाने तिची डिकी उघडली आणि आतून मुठीएवढा काळा डबा काढला. गाडीबरोबरच आला होता. त्याची वायर गाडीतच खुपसायची, आकडा लावायचा. तो स्वतः हवा भरतो आणि स्वतःच थांबतो. पाय नको, घाम नको. मित्रांनो, म्हणजे मीही नको.

गाडीच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर मुलाने आकडा वाचला : अडतीस. तेवढी हवा त्याने चारही चाकांत भरली. अप्पांनी भुवया उंचावल्या.

"अडतीस? चाक आहे की फुगा?"

"अप्पा, बॅटरीचं वजन असतं. कागदावर लिहिलंय."

"कागदावर काय, वाटेल ते लिहितात. आपला आणा."

आपला! मी धन्य झालो. अप्पांनी मला चाकाला लावलं आणि माझा काटा झर्रकन त्रेचाळीसवर गेला. चाकात अडतीसच होते. वरचे पाच माझे होते. अप्पा ओरडले, "त्रेचाळीस! अरे, जीव घेशील सगळ्यांचा! हा डबा खोटारडा आहे. एकवीस वर्षं हा पंप माझ्याशी खोटं बोललेला नाही." त्यांनी हवा सोडली, माझा काटा बत्तीसवर आणला आणि डबा कपाटात बंद केला. मी त्या दिवशी इतका खूश होतो की चाकांत सत्तावीसच उरले आहेत, हे मला आठवत असूनही मी आठवलं नाही.

मंगळवारी पडद्यावरचा आकडा उतरला. सहा आणि वर थोडं. तिसऱ्या रविवारी अप्पांनी मला पुन्हा लावून बत्तीसची खात्री केली. आकडा उतरलेलाच राहिला. सूनबाईंनी गाडी आणखी सावकाश चालवून पाहिली, उकाड्यात एसी बंद ठेवून पाहिला. काही फरक पडेना. एका मंगळवारी त्या घरी पोचल्या तेव्हा बॅटरीत तीन टक्के होते आणि त्यांचा पदर घामाने भिजला होता. वाटेत चार्जिंगची सोय होती, पण तिथे तासभर उभं राहायचं म्हणजे एक रुग्ण सोडायचा.

"सुरुवातीला सगळेच गोड बोलतात," अप्पा गाडीकडे पाहून म्हणाले. मला गुदगुल्या झाल्या.

पुढच्या शुक्रवारी समोरून जोराचा वारा होता. आठव्या घराशी पडद्यावर अडतीस किलोमीटर उरले. टेकडीपलीकडचं घर करून परत यायला चाळीस लागणार होते. सूनबाई तिथूनच माघारी आल्या. शेडमध्ये गाडीतच बसून त्यांनी फोन लावला.

"बाई, आज नाही हो जमलं. गाडीने दगा दिला."

"असू दे गं," पलीकडून शिक्षिकाबाई म्हणाल्या. "पट्टी थोडी ओली झालीय, पण मी पाय उंच ठेवते. तू रविवारी आलीस तरी चालेल."

"रविवारी मी बसने येते. पण दर वेळी बसने नाही जमायचं, बाई."

"मग नको येऊस. तुला तरी किती ओढायचं."

सूनबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या स्टिअरिंग धरून बसून राहिल्या. विकणाऱ्याने तीस दिवसांत गाडी परत घ्यायचं कबूल केलं होतं. ते दिवस बुधवारी संपणार होते. गाडी परत केली की बसवर भागवायचं, आणि बसवर नऊ घरं होत नाहीत. शेवटची चार सोडावी लागणार होती. टेकडीपलीकडचं तर पहिलं. "परत देऊन टाकू," नवरा दारातून हळूच म्हणाला. त्यांनी मान हलवली. माझी सवत निघाली होती, आणि मित्रांनो, मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा होईना.

रविवारी सूनबाई भल्या सकाळी बसने जाऊन पट्टी बदलून आल्या. परतल्या तेव्हा अप्पा मला गाडीपाशी मांडत होते. "परत करायची तरी नीट करून द्यावी," ते म्हणाले. सूनबाई खांद्यावरची पिशवी न उतरवता उभ्या होत्या. कोणाच्याही दंडाला पट्टा गुंडाळण्याआधी रक्तदाबाच्या यंत्राचा काटा शून्यावर आहे ना, हे पाहायची त्यांच्या डोळ्यांना सवय. ते डोळे माझ्यावर आले आणि थांबले.

"अप्पा, अजून लावला नाहीये ना हा चाकाला?"

"नाही अजून. का?"

"मग काटा पाचावर कसा?"

इथे माझीच पाचावर धारण बसली. अप्पांनी चष्मा लावला, तबकडीवर टिचकी मारली. पुन्हा मारली. काटा हलला नाही.

"तो... तिथेच असतो," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

अप्पा बोटांवर वर्षं मोजू लागले. मुलगा कपाटातून तो काळा डबा घेऊन आला. डब्याने प्रत्येक चाकात सत्तावीस दाखवले. गाडीच्या दारावरच्या कागदावर अडतीस. 

"अप्पा, मी कोटात पाच इंच चुकलो असतो ना," मुलगा म्हणाला, "तर गिऱ्हाइकाने मलाच शिवला असता."

कोणी हसलं नाही. अप्पा खाली बसले. "म्हणजे जुन्या गाडीलाही मीच..." एवढं म्हणून ते थांबले. मग मला उचलून शेडबाहेर निघाले. "भंगारात टाकतो. मान खाली घालायला लावली याने."

"टाकायचा कशाला?" सूनबाई आडव्या आल्या. "काटा चुकतोय, पाय नाही चुकत त्याचा. हवा तर भरतोय ना? आमच्याकडे असं झालं की आम्ही चिठ्ठी लावतो." त्यांनी पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढली, माझ्या तबकडीवर आडवी लावली आणि पेनाने लिहिलं : 'काटा बघू नये.'

एकवीस वर्षांची नोकरी, आणि तोंडावर पट्टी. त्या काळ्या डब्याने चारही चाकं अडतीसपर्यंत भरली आणि मुलाने कोऱ्या फडक्याने त्याचं अंग पुसलं. मी ते सगळं पट्टीखालून पाहिलं.

मंगळवारी सकाळी सूनबाईंनी मला डिकीत ठेवलं. शिक्षिकाबाईंच्या खुर्चीची चाकं हवा जाऊन बसली होती. डब्याची वायर गाडीपासून त्यांच्या खोलीपर्यंत पोचणार नव्हती; मध्ये अकरा पायऱ्या होत्या. माझ्या नावावर अजून काहीतरी शिल्लक होतं तर! दिवसभर मी आठ घरांपाशी थांबलो. डिकीतून पडदा दिसत नाही, पण चाकांचा आवाज ऐकू येतो. ती हलकी चालत होती. मला ते आवडलं नाही. मी कान देऊन ऐकत मात्र होतो.

टेकडी चढली. अकरा पायऱ्या सूनबाईंनी मला काखेत मारून चढवलं. आधी जखम धुतली, नवी पट्टी बांधली. मग माझं पितळी तोंड खुर्चीच्या चाकाला लावलं आणि पाय मारू लागल्या.

"किती भरायची गं?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"आकडा नको. तुम्ही अंगठ्याने दाबून सांगा."

बाईंनी वाकून चाक दाबलं. "अजून. अजून थोडी. आता पुरे." मग त्यांनी दोन्ही हातांनी चाकं फिरवली आणि कोणाच्या मदतीशिवाय त्या खिडकीपर्यंत गेल्या. खाली पांढरी गाडी उभी होती. "हीच का ती दगा देणारी?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई," सूनबाई म्हणाल्या. "तिच्यावर उगीच आळ घेतला आम्ही. मी शुक्रवारी येते."

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू जपा. पण जपणं म्हणजे त्यांना खुंटीला टांगून त्यांचं खरं मानणं नव्हे. त्यांना अधूनमधून तपासा. तपासण्यात अपमान नसतो. दोन वर्षं मला कोणी तपासलं नाही, तोच खरा अपमान होता. चूक सापडली तर लगेच टाकून देऊ नका. जे काम अजून जमतं ते द्या, आणि जे जमत नाही त्यावर चिठ्ठी लावा.

त्या संध्याकाळी गाडी शेडमध्ये शिरली तेव्हा बॅटरीत चौदा टक्के उरले होते. अप्पांनी तिच्या टपावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच तिला "शहाणी गं माझी" म्हणाले. मी डिकीत होतो. माझी आठवण कोणाला तरी दुसऱ्या दिवशी झाली. मी जळलो, हे कबूल करतो. पण टेकडी उतरल्यापासून घर येईपर्यंत, ती पोचावी म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो, हेही तेवढंच खरं आहे.