रिकामं पायडल

मंगळवार पेठेत मीरासाब मुल्लाणीचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. गिअरच्या सायकली तेव्हा कोल्हापुरात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि बाकीचे कारागीर त्यांच्या मागच्या चाकाच्या जाडजूड हबला हात लावायला बिचकायचे. मीरासाब नुसता कान लावायचा. पहिल्या गिअरात हब मुका असतो, दुसऱ्यात टिकटिकतो. त्या टिकटिकीवरनं त्याला दुखणं कळायचं.

नृसिंह देशिंगकरांची सायकल अशीच, तीन गिअरची, विलायती. देशिंगकर देवी टोचायला खेडोपाडी फिरत, म्हणून लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. चोपन्न सालच्या आषाढात एका शुक्रवारी ते दुकानात आले. गगनबावड्याच्या अंगाला एका वाडीत देवीची साथ आली होती आणि त्यांना लगोलग निघायचं होतं. तक्रार एवढीच, की चढावर दुसऱ्या गिअरात जोर दिला की पायडल एकदम रिकामं फिरतं.

मीरासाबला नवल वाटलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक जागा अशी असते, की तिथं काहीच धरत नाही. वायर सैल पडली की गिअर घसरून तिथं जातो. वायर ताणायची, आणि ती पुन्हा ढिली होऊ नये म्हणून वरचा चेकनट पान्यानं आवळायचा. त्यानं वायर ताणली. नट बोटानं फिरवून बसवला. पान्याकडं हात नेला आणि जुम्म्याची बांग झाली. पुढचं त्याला आठवत होतं ते थेट हात पुसतानाचं. "झालं, डॉक्टर," तो म्हणाला आणि देशिंगकर टांग मारून गेले.

मंगळवारी पेठेत बातमी आली. गगनबावड्याच्या अलीकडच्या चढावर देशिंगकर पडले आणि कठड्यावरून खाली गेले; सायकल वरच राहिली. गवत कापणाऱ्या एका बाईनं ते पाहिलं होतं. पायडलवर उभं राहून ते जोर देत होते आणि जिन्याची पायरी चुकावी तसा त्यांचा पाय एकदम खाली गेला, असं तिनं सांगितलं. पंचनाम्यात निसरड्या रस्त्याचं कारण लिहिलं गेलं. पाऊस तर होताच, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

मीरासाबनं पाना फिरवला होता की नव्हता? दिवसभर तो तेवढाच क्षण पुन्हा पुन्हा आठवून बघायचा. पान्याकडं गेलेला हात दिसायचा, पुसलेले हात दिसायचे, मधलं काही दिसायचं नाही. मग त्याच्या उजव्या पायाखालची जमीन जायला लागली. मशिदीची पायरी चढताना, रस्ता ओलांडताना, सपाट फरशीवरसुद्धा पाय रिकामा खाली जायचा. रोशनबीनं नवऱ्याला हकिमाकडं नेलं. हकिमानं अशक्तपणा सांगितला. मीरासाबनं सायकलवर बसणं सोडलं. गिऱ्हाइकांच्या सायकलींचे नट मात्र तो तीनतीनदा आवळायचा, इतके की दोनदा आटेच गेले.

दिवाळी झाल्यावर देशिंगकरांची बायको, श्यामला, सायकल घेऊन दुकानात आली. सायकल चार महिने घरातच उभी होती. धाकट्या दिराला, अंबादासला, भावाच्याच जागी नोकरी लागली होती आणि त्याला ती न्यायची होती. एकदा नीट बघून ठेवा, एवढं सांगून ती गेली.

आठ दिवस सायकल कोपऱ्यात गोणपाटाखाली राहिली. नवव्या दिवशी मीरासाबनं गोणपाट काढलं, खाली बसला आणि चेकनटाला बोट लावलं. नट बोटानंच फिरला. कडांवर पान्याचा एक ओरखडा नव्हता. वायर आपोआप उलगडून पाच आटे ढिली झाली होती.

आता एक वेढा दिला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. हे मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण नट तसाच ठेवून त्यानं सायकल हातानं ढकलत दोन गल्ल्या पलीकडं श्यामलेच्या दारात नेली.

"वैनी, ह्यो नट मी आवळायचा हुता," तो म्हणाला. "त्या दिवशी ऱ्हायला. डॉक्टर त्याच्यामुळं पडलं."

श्यामला खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. "एवढासा?" तिनं विचारलं.

त्यानं नट बोटानं फिरवून दाखवला.

"चार महिने मी पावसाला दोष दिला," ती म्हणाली. "पाऊस निघून तरी गेला. तुम्ही रोज बाजाराच्या वाटेवर दिसणार."

सायकल दुसऱ्या कुणाकडं द्या, असं तो सांगू लागला. त्यानं दोन चांगल्या कारागिरांची नावंही घेतली. तिनं मान हलवली. "दुसऱ्याला काय माहीत, काय राहिलं ते? तुम्हीच करा. भावजी त्याच रस्त्यानं जाणार आहेत."

त्यानं सायकल नीट केली. पण दुकानात उलटी टांगून फिरवलेलं चाक काय सांगणार? सोमवारी उजाडताच तो स्वतः सायकलवर बसला आणि गगनबावड्याच्या वाटेला लागला. चढाला लागला तेव्हा दुपार झाली होती, तरी धुकं उतरलेलं होतं आणि चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

निम्मा चढ त्यानं दुसऱ्या गिअरात काढला. पायडलवर उभा राहून अंगाचा सगळा भार दिला, पण गिअर सुटला नाही. पुढं चढ खडा झाला म्हणून त्यानं पहिला टाकला. हब मुका झाला.

टिकटिक मात्र थांबली नाही. ती मागून येत होती. वीसेक हातांवरून, दुसऱ्या गिअरात चढणाऱ्या सायकलची, दमानं. मीरासाबचा कान अशा बाबतीत फसणारा नव्हता. मागं वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही. तो पायडल मारत राहिला, मागची टिकटिक अंतर राखून येत राहिली, आणि कठड्याचे दगड ढासळलेले दिसले तिथं ती मधेच तुटली. त्याचा उजवा पाय रिकामा खाली जाणार म्हणून त्यानं डोळे मिटले. पायडलनं पाय धरला. तो उतरला आणि सायकलला धरून उभा राहिला.

धुक्यातून गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. "पावणं, एकटंच हाय व्हय?" तिनं विचारलं. "मला दोन सायकली वाटल्या."

ती चिमणाबाई. डॉक्टरांना पडताना पाहणारी तीच. मीरासाबनं आपण त्यांच्या गावचे म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं भारा खाली ठेवला आणि पोलिसांनी न विचारलेलं सांगितलं. ती खाली उतरून गेली तेव्हा डॉक्टर जिवंत होते. लशीची पेटी त्यांनी पोटाशी धरली होती. पेटी वाडीवर पोचवा, एवढंच दोनदा म्हणाले.

"म्या पोचिवली की," चिमणाबाई म्हणाली. "पर टोचणार कोण? दुसरा डॉक्टर पंधरा दिसांनी आला. तवर दोन पोरं गेली."

मीरासाब एसटीच्या टपावर सायकल टाकून परत आला आणि तसाच श्यामलेकडं गेला. गिअर पक्का आहे, अंबादासला खुशाल नेऊ दे, म्हणाला. मग डॉक्टरांचे शेवटचे शब्द सांगितले. ती उंबऱ्यातच बसली. पेटी पोचली का, तिनं विचारलं. पोचली, तो म्हणाला. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "म्हणजे पोरांना टोचलं तरी गेलं."

मीरासाब दारातल्या सायकलकडं बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "समद्यास्नी."