विमानापुरती जागा

फितीवरच्या छत्तीसच्या लाल आकड्यावर हळद बसली होती. वीरधवलने ती अंगठ्याने पुसली, तर हळद अंगठ्याला आली आणि आकडा होता तिथेच, लाल, ठसठशीत. फीत पुढे जात राहिली. सदतीस... अडतीस. अडतीसवर दाराचा दुसरा खांब. म्हणजे विमानाच्या छत्तीस फुटी पंखांना दोन्हीकडे एकेक फूट मोकळं. चार महिने सगळी सांगली ज्या दोन फुटांसाठी पालथी घातली ते दोन फूट इथे, कवलापूरच्या जुन्या धावपट्टीजवळच्या शिवारात, आप्पासोंच्या हळदीच्या शेडमध्ये निवांत पडून होते. नाचायला हवं होतं खरं तर. पण तो पुसलेलाच आकडा पुन्हा पुसत राहिला, कारण पाच मिनिटांपूर्वी आपण... पाच कुठली, तीनच झाली असतील.

आप्पासोंनी विचारलं होतं ते अगदी साधं. "तुमी रविवारचं येनार. मधल्या दिशी इमानाकडं कोन बघनार? किल्ली कुनाच्या हातात द्यायची?" आणि त्याने सांगितलं, आमचे फिटर आहेत, सोपानराव, साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये असतात, पाळी बघून मधे एक दिवस येऊन जातील, मूळ म्हसवडचे. "म्हसवडचं? म्हसवडातलं कोन?" आप्पासो म्हणाले. बस्स, एवढंच. आता आपल्या मुलखात 'कोण' म्हणून विचारलं की काय विचारलंय ते शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्याला वाटलं. आणि नेमकी तेव्हाच त्याची नजर कोपऱ्यात गेली – तिथे फळीवर गावच्या देवाची पालखी पांढऱ्या धोतरात गुंडाळून ठेवली होती, जत्रेला बाहेर काढायची, एरवी वर्षभर इथेच. सोपानरावांचं आडनाव सरतापे, ऐकणाऱ्याला जात सांगून टाकणारं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. आणि तोंडातून निघालं, "माने." जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं नाही.

"आरं तिच्या! म्हसवडचं मानं?" आप्पासोंचा चेहरा उजळला. "मग पाव्हनंच की आमचं! आमची धाकली भन तितंच दिलीया." आणि ते दूध आणायला घराकडे गेलेसुद्धा, पाहुण्यांच्या नावानं. वीरधवल हातात फीत धरून उभा. सोपान माने. असा कुणी माणूस भूतलावर नव्हता. तीन मिनिटांपूर्वी तो जन्माला आला होता आणि आत्ताच त्याला नातेवाईकही मिळाले होते.

मागे घेता आलं असतं. आप्पासो दुधाचा तांब्या घेऊन आले तेव्हा, दूध पिताना, तोंड पुसताना... पण मग शेड गेली असती. गेली असती का? – ते कळायला मार्गच नव्हता, आणि चार महिन्यांत त्याने काय काय बघितलं होतं! कारखान्याची नोकरी सुटली तशी कऱ्हाडच्या धावपट्टीजवळची कारखान्याची शेडही सुटली, जूनअखेर रिकामी करा म्हणून पत्र आलं. सांगलीतली नवी नोकरी चांगली, बिऱ्हाड हललं, भांडीकुंडी ट्रकमधून आली, पण विमान काय ट्रकमधून येतं? पुण्याच्या हँगरचं भाडं ऐकून बायको, संयोगिता, एवढंच म्हणाली, "मग त्यालाच ठेवू भाड्याच्या घरात, आपण राहू उघड्यावर." मार्केट यार्डातल्या गूळवाल्याकडे गोदाम रिकामं होतं, पण दार बारा फुटी, तो म्हणाला, "पंख घडी घालता येत नाहीत का हो?" बंद पडलेलं थिएटर बघितलं, त्याला खांबच खांब. जो तो आधी हसायचा, मग विचारायचा, आम्हाला कधी नेताय काशीला? आणि उघड्यावर तर ठेवायची सोयच नाही, कारण पंख कापडाचे. एका पावसाळ्यात कुजले असते.

कापडाचे... इथे आलं की मन अडखळायचं. ते कापड अंजनावहिनींनी शिवलं होतं, सोपानरावांच्या बायकोने. फ्लाइंग क्लब मोडीत निघाला तेव्हा त्याने ते दोन माणसांचं विमान भंगाराच्या दरात घेतलं. चाकं नव्हती, पंखांचे नुसते लाकडी सापळे. क्लबात फिटर एकच, हवाई दलातून निवृत्त होऊन आलेला, सोपानराव, ते म्हणाले, "टाकू नका धवलराव. हे उडतंय. सा वर्सं लागतील, पर उडतंय." आणि मग, क्लब सुटून एसटीत लागल्यावरही, सहा वर्षं दर रविवारी सकाळच्या एसटीने साताऱ्याहून कऱ्हाडला. मजुरी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "इमान काय तुमचं एकट्याचं हाय व्हय?" पंखांवर कापड चढवायची वेळ आली तेव्हा वहिनीही येऊ लागल्या. बोटभर अंतरावर एक टाका, प्रत्येक टाक्याला गाठ, मेणाचा दोरा. बोटं सुजायची त्यांची. एकदा तो म्हणाला, "वहिनी, एखादा टाका चुकला तर काय होतं हो?" तर दातांनी दोरा तोडत म्हणाल्या, "तुमी वर आसताना? चुकंल कसा?"

आणि सही. विमान उडवायच्या आधी फिटरने सगळं तपासून वहीत सही करायची, ती झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा धंद्याचा नियम. सोपानराव गिचमिड करत नसत. सोपान गेनू सरतापे, तिन्ही शब्द पुरे, देवनागरीत, शाळेतल्या पोरासारखे रेघेवर. त्या तीन शब्दांच्या जिवावर मी तीन हजार फुटांवर गेलो. खाली औंधचं तळं, यमाईचा डोंगर, म्हसवडचं माळरान... एकदाही मनात आलं नाही की हे आपल्याला खाली टाकील. आणि त्याच नावाची जमिनीवर, हळदीच्या शेडमध्ये, दोन पायांवर धड उभं राहून मला लाज वाटली? लाज नव्हे, भीती. हो, भीतीच. लाज म्हटलं तर फारच... पण शब्द बदलून काय होतं? खाई त्याला खवखवे.

आणखी एक होतं, ते जास्त जाचत होतं. आप्पासोंनी तसं काही विचारलंच नसेल तर? माणूस म्हातारा, मोकळा, बहीण म्हसवडात दिलेली. 'कोण' म्हणजे ओळखीचं कुणी निघतंय का, एवढंच असेल. पालखीकडे त्यांनी बघितलं नव्हतं, त्याने बघितलं होतं. म्हणजे ते सगळं, ती शंका, ती गणितं, आप्पासोंच्या डोक्यात नव्हतीच कदाचित. ती आपण घरून आणली होती. आजवर तो स्वतःला त्यातला समजत नव्हता. घरात सोपानराव पंगतीला बसले होते, संयोगिता अंजनावहिनींच्या हातची शेंगाचटणी मागून घ्यायची. आपण वेगळे, असं तो मनाशी किती सहज म्हणत आला होता.

सव्वातीनला सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी आली. सोपानराव सवयीने सगळ्यांच्या शेवटी उतरले. हातात पिशवी, खिशात घडी केलेला आलेखाचा कागद. "दार किती भरलं?" हा पहिला प्रश्न. "अडतीस." "अडतीस!" त्यांनी स्टँडवर चारचौघांत त्याच्या पाठीत थाप मारली. "आवं मग जितलं की, गड्या!" आनंद फार झाला की ते त्याला गड्या म्हणत, नाहीतर धवलराव. स्कूटरवर मागे बसून तासगावच्या रस्त्याने ते बोलतच होते – विमानाचं नाक कुठल्या अंगाला, तेलाचे डबे कुठे, पत्र्याखाली कापड बांधू म्हणजे पत्र्याचा घाम पंखांवर पडायचा नाही. वारं निम्मं बोलणं उडवून नेत होतं, तरी उरलेलं निम्मं नेमकं कानात शिरत होतं. "पुढच्या वर्सी रिटायर हुतो. अंजना म्हंती, हितंच कुटं तरी खोली बघू. दोघंबी ऱ्हाऊ, इमान बी ऱ्हाईल नजरंम्होरं."

आता सांगायचं, त्याने ठरवलं. सांगणं सोपं होतं: माझ्याकडून एक चूक झाली, तुमचं आडनाव मी वेगळं सांगितलंय. पण मग ते विचारणार, का? आणि त्या 'का'ला... बुधगावच्या अलीकडे त्याने चहाच्या टपरीशी स्कूटर थांबवली. चहा आला. बशीत ओतला, फुंकला.

"सोपानराव, एक सांगायचं होतं."

"दार कमी पडतंय?"

"नाही, नाही. दार आहे पुरेसं."

"भाडं वाढवलं म्हाताऱ्यानं?"

"नाही हो. भाडं नाममात्रच म्हणतायत."

"मग?" त्यांनी बशी खाली ठेवली. डोळ्यांत नुसतं कौतुक होतं, चार महिने जागा शोधणाऱ्या माणसाबद्दलचं. "मग तोंड का आसं एरंडेल पिल्यागत? झालं की काम."

"काही नाही. दमलोय," तो म्हणाला. आणि चहाचे पैसे सोपानरावांनी दिले, त्याला देऊ दिले नाहीत.

पुढचे चार किलोमीटर तो देवाला न मानणारा माणूस देवाची विनवणी करत होता. आप्पासो घरी नसोत. झोपलेले असोत. नाव विसरलेले असोत, वय झालंय. पण शेडच्या सावलीत खाट टाकलेली होती आणि खाटेवर आप्पासो, धुतलेला सदरा, डोक्याला पटका. पाहुण्यांसाठी.

"या, या, मानेसाहेब!" ते उठून पुढे आले. "आमची भन तुमच्याच गावात दिलीया. कवाधरनं वाट बघतुया."

सोपानरावांनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. कुणी नव्हतं. मग त्यांनी वीरधवलकडे पाहिलं.

"माने न्हाई," ते म्हणाले. "सरतापे. सोपान गेनू सरतापे."

आप्पासोंनी मान वळवली. "आवं पर, सकाळी तर साहेब म्हनलं..."

"साहेबांचा घोटाळा झाला आसंल," सोपानराव हसले. "क्लबात माने म्हनून दुसरा एक फिटर हुता आमच्यासंगं. त्योबी म्हसवडचाच. साहेब कायम दोघांची नावं उलटीपालटी करायचं."

क्लबात फिटर एकच होता. वीरधवल मान हलवत राहिला. खाली बघून, हो हो, उलटीपालटी, असं काहीतरी पुटपुटलाही.

"आसं व्हय," आप्पासो म्हणाले. "सरतापे व्हय." डोक्यावरचा पटका सारखा केला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि सोपानरावांच्या हातात दिली. "कुलूप जरा घट्ट हाय बगा. त्याल सोडाय पायजे. आन् ती पालखी तेवढी आमी घराकडं न्हेतो. तुमच्या पंकाला अडचन नको."

पंखाला खरंच अडचण होणार होती का? फळी कोपऱ्यात होती, उंचावर. पंख तिथवर पोचला असता, नसताही पोचला. फीत लावून बघता आलं असतं. त्याने लावली नाही. आप्पासो गड्याला हाक मारत निघून गेले. बोलले ते चांगलंच बोलले होते. हसूनच गेले होते.

सोपानराव आत शिरले होते. टाचेने कोबा ठोकून बघत होते, पत्र्याचे सांधे निरखत होते, कागद उलगडून स्वतःशीच मापं पुटपुटत होते. "जागा कोरडी हाय," ते म्हणाले. "लय चांगली जागा. कापड टिकंल." आवाजात राग नव्हता. वीरधवल राग शोधत होता. एक शिवी आली असती तर सुटलो असतो, असं त्याला वाटत होतं. चुकलो म्हणावं, पाय धरावेत. पण चूक तर ते झाकून मोकळे झाले होते, आणि झाकलेल्या चुकीची माफी मागायची कशी? शेड मिळाली होती. विमान उघड्यावर पडणार नव्हतं. हवं होतं ते सगळं, अगदी हवं तसं झालं होतं.

आणि तो दारात उभा होता, आत जाता येत नव्हतं, कारण आता त्याला आठवत होतं. सोपानरावांनी ते तीन शब्द उच्चारले त्या क्षणी, आप्पासोंनी मान वळवण्याआधी, त्याला लाज वाटलीच नव्हती. लाज मागाहून आली, पाहुणी बाई यावी तशी, सगळं उरकल्यावर. आधी आला होता राग. हा कशाला बोलला? गप्प बसायला काय झालं होतं? गेली आता शेड! असा चरचरीत, खरा राग, टाळूपर्यंत. किती वेळ असेल? एक श्वास. दोन. तो चेहऱ्यावर दिसला असेल का, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. नाव सांगताना सोपानराव बोलत होते आप्पासोंशी, पण बघत होते माझ्याकडे. आणि माझा चेहरा पुरता वाचून झाल्यावरच ते हसले होते.