शेडमधलं सगळ्यात सपाट टेबल

मित्रांनो, मी एक जुनं राउटर टेबल आहे, आणि आमच्या शेडमध्ये माझ्याइतकं सपाट दुसरं काहीही नाही. जमीन नाही, भिंत नाही, माझा मालक ऑब्री पेंगेली, त्याचा विनोद असतो कधीकधी, पण तो जाऊ द्या. माझ्या पाठीवर गोटी ठेवा. सकाळी जिथे ठेवाल तिथेच संध्याकाळी सापडेल.

फक्त एक करा. माझ्या मागच्या डाव्या पायाखाली फुटबॉल क्लबचं जुनं कॅलेंडर घडी करून सरकवलंय, ते तेवढं काढू नका. मागे एकदा झाडताना काढलं होतं. गोटी दारातून बाहेर पडली ती जेटीच्या दिशेने गेली, अजून परतली नाही.

राउटर म्हटल्यावर तुम्हाला इंटरनेटचा दिवे मिचकावणारा डबा आठवला असेल. तो मी नव्हे. माझ्या पोटाखाली एक मोटर उलटी टांगलेली आहे. तिच्या तोंडात पातं बसवायचं. ते माझ्या पाठीतल्या भोकातून वर डोकावतं. त्याला लावून फळी सरकवली की हवी तशी खाच पडते. काम मोटर करते हे खरं, पण फळी सरळ जाते ती माझ्यामुळे.

माझा जन्म ऑब्रीच्या स्वयंपाकघरात झाला. त्याच्या बायकोला नवं सिंक हवं होतं. सिंक बसवायला लाकडी ओट्यातून जो चौकोन कापून काढला, तो म्हणजे मी. सिंकच्या वाट्याला खरकटी भांडी आली आणि माझ्या वाट्याला कला आली. ऑब्रीने मला पाय लावले, मोटर टांगली आणि गावच्या हॉलमागच्या शेडमध्ये आणून ठेवलं. ही शेड निवृत्त पुरुषमंडळींची. नवऱ्यांना दिवसभर घराबाहेर ठेवायची याहून स्वस्त सोय नाही, असं गावातल्या बायकांचं मत आहे.

काय ते दिवस होते, मित्रांनो! पोपटांच्या घरट्यांची खोकी, पत्रपेट्या, चर्चची बाकं, सगळं माझ्या पाठीवरून गेलं. लोक यायचे, माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, "वा! काय गुळगुळीत आहे!" मग दिवस पालटले. माझ्यावर चहाचे मग ठेवू लागले. मग पेस्टीच्या, म्हणजे मांस आणि सलगम भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, पिशव्या. माझ्या अंगावर आजही मगांचे गोल डाग आहेत. तक्रार नाही. पण एकदा क्लेमने माझ्यावर कांदा कापला, ते मी विसरलेलो नाही.

क्लेम म्हणजे ऑब्रीचा जोडीदार. जन्मभर प्लंबिंग केलं, आता शेडच्या चहाचा कारभार बघतो. विजेवरची स्टीलची मोठी टाकी सकाळी चालू करतो, ती शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत उकळत असते.

तर एका सकाळी हॉलच्या अध्यक्षीणबाई, मिसेस ट्रेगिया, दारात उभ्या राहिल्या. त्यांना आत यायचं नव्हतं, त्यांच्या पांढऱ्या बुटांचा प्रश्न होता.

"पेंगेली, गेल्या वर्षी पाकस्पर्धेला तुम्ही दिलेल्या टेबलाला पायरी होती."

"पायरी नाही हो, मिसेस ट्रेगिया. दोन फळ्यांमध्ये जरासा फरक."

"माझा स्पंजकेक त्या जराशा फरकावरून उतरून परीक्षकांच्या मांडीवर जाऊन बसला."

"त्यांना आवडला होता की," क्लेम टाकीमागून म्हणाला.

"तुम्ही चहा बघा." बाईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. "या वर्षी टेबल सपाट नसेल, तर शेड योगवर्गाला देतेय. त्यांना निदान सपाट म्हणजे काय ते कळतं."

त्या गेल्या. शेड गेली तर ऑब्री दिवसभर घरी बसणार होता. हे त्याला नको होतं आणि त्याच्या बायकोला तर मुळीच नको होतं. आणि मी? माझी रवानगी थेट कचराडेपोत.

"घाबरू नकोस," ऑब्री छाती पुढे काढून म्हणाला. "नवं टेबल करू, या वेळी फळ्या बिस्किटांनी सांधू. शुक्रवारी टेबल तयार."

ही बिस्किटं खायची नव्हेत. लाकूड दाबून केलेल्या बदामाच्या आकाराच्या चपट्या चकत्या असतात. दोन्ही फळ्यांच्या कडांना खाचा पाडायच्या, ग्लू भरायचा, अर्धं बिस्किट या फळीत, अर्धं त्या फळीत. ओला ग्लू पिऊन बिस्किट फुगतं आणि सांधा असा पकडतं की विचारू नका. खाचा पाडायला माझ्यासाठी खास दातेरी चकतीचा कटर आणला. इतक्या वर्षांनी मला नवा दागिना!

ऑब्रीने आधी माझा प्लग काढला. या बाबतीत तो फार शिस्तीचा. मग कटर बसवला, एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली आणि उंची लावू लागला. दाते फळीच्या जाडीच्या मधोमध यायला हवेत. केसभर वर. केसभर खाली. मग मागची आडपट्टी सरकवून खाच किती खोल जाणार ते ठरवलं. फळीची चांगली बाजू नेहमी खाली, माझ्या पाठीला टेकलेली, म्हणजे सगळ्या फळ्या एका पातळीत येतात. एका टाकाऊ तुकड्यावर चाचणी घेतली. खाच अशी पडली की मला माझाच अभिमान वाटला.

"डबा आण," ऑब्री म्हणाला.

क्लेमने बिस्किटांचा डबा आणला. ऑब्रीने एक बिस्किट खाचेला लावलं. जाईना. दुसरं लावलं. तेही जाईना.

"टेबल चुकलंय," क्लेम म्हणाला.

मी!

मित्रांनो, त्यानंतर माझे जे हाल झाले ते सांगवत नाहीत. उंची वर केली, खाली केली. आडपट्टी पुढे ओढली, मागे ढकलली. चाचणीचा तो सुंदर तुकडा क्लेमने दाराखाली पाचर म्हणून ठोकला. मग थेट चांगल्या फळीवर प्रयोग सुरू झाले. एकाच कडेला खाचेवर खाच. फळी कंगव्यासारखी दिसायला लागली.

"हातोडी दे," क्लेम म्हणाला. "प्लंबिंगमध्ये न जाणारी गोष्ट आम्ही हातोडीनेच घालायचो."

"म्हणूनच माझ्या घरातला नळ अजून गातो."

"गातो, पण गळत नाही ना?"

"गळतोही."

तरी हातोडी घेतलीच. बिस्किट आत गेलं आणि फळीची कड उभी फाटली. ऑब्री टोपी काढून खाली बसला. "योगवाल्यांना किल्ली कुठे असते ते दाखवून ठेव," तो म्हणाला.

क्लेम म्हणाला, "आधी चहा घे." त्याने टाकीची तोटी सोडली आणि दुसऱ्या हाताने बिस्किटांचा डबा उचलून परत जागेवर ठेवला. जागा कुठली? टाकीच्या बरोबर वरची फळी. ऑब्री कप घ्यायला गेला, तर त्याचा चष्मा धुरकटला. त्याने चष्मा पुसला. परत धुरकटला. मग तो चष्मा हातात धरून हळूच वर बघायला लागला.

"क्लेम. हा डबा इथे कधीपासून आहे?"

"आणला तेव्हापासून. वर उंदीर येत नाहीत."

"झाकण?"

"झाकणात मी साखर ठेवतो."

बिस्किटं वाफ पिऊन आधीच टम्म फुगली होती! मी निर्दोष होतो! पण माझी माफी कुणी मागितली? कुणी नाही. दोघं आपले एकमेकांना शिव्या देण्यात रमले होते.

बिस्किटं वाळवायची कशात? पेस्टी गरम ठेवायच्या कपाटात. वरच्या खणात पेस्टी, खालच्या खणात बिस्किटं. दुपारपर्यंत वाळून कडक झाली, फक्त त्यांना मांस आणि सलगमाचा वास लागला. ऑब्रीने दाराखालची पाचर उपटली आणि तिच्यावरची ती पहिली खाच माझ्या दात्यांना टेकवून उंची परत लावली. बिघडलेल्या फळीची कड करवतीने उडवली. टेबल थोडं अरुंद झालं, पण स्पर्धेला कोण रुंदी मोजतंय? आणि मग बिस्किटं अशी बसली, अशी बसली की ऑब्रीने चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. मला सगळं पोचलं.

आता ग्लू लावून फळ्या जुळवायच्या. त्याला एकदम सपाट जागा हवी.

"शेडमध्ये सगळ्यात सपाट काय आहे?" क्लेमने विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्या क्षणी मी फुलून गेलो. कटर काढला, आडपट्टी काढली, माझ्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि टेबलाचा आख्खा माथा माझ्यावर लोखंडी शिकंज्यांनी आवळून ते घरी गेले.

शुक्रवारी सकाळी मिसेस ट्रेगिया आल्या. या वेळी आत आल्या. काठोकाठ चहाची कपबशी त्यांनी माथ्याच्या एका टोकाला ठेवली आणि बोटाने ढकलत दुसऱ्या टोकाला नेली. सगळे सांधे ओलांडले. बशीत थेंब नाही.

"सलगमाचा वास कसला येतोय?" त्यांनी विचारलं.

"लाकडाची जात आहे," ऑब्री म्हणाला.

"शेड राहील. मी शब्द फिरवत नाही. उचला."

शिकंजे काढून दोघांनी दोन बाजूंनी माथा उचलला. मीही उचललो गेलो. ग्लू वर्तमानपत्रातून झिरपून माझ्या पाठीपर्यंत आला होता. त्यांनी माथा हलवला, मी हललो. क्लेमने हातोडी मागितली, ऑब्रीने दिली नाही.

बाईंनी खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. "याला पाय आहेत ना? मग असंच आणा."

अशा तऱ्हेने मी त्या टेबलाचा पाय झालो. माझं कॅलेंडर स्वतःच्या काखेत मारून ऑब्री मागची बाजू धरून चालत आला.

तेव्हा मित्रांनो, अवजारांवर प्रेम करा. टेबलावर कांदा कापू नका. बिस्किटांच्या डब्याला झाकण लावा. ग्लूखाली वर्तमानपत्र नको, मेणकागद घाला. आणि काम झालं की प्लग काढायला विसरू नका.

स्पर्धेच्या दिवशी क्लेमने हॉलमध्ये चहाची टाकी चालू करायला भिंतीत वायर खोचली. ती टाकीची नव्हती, माझी होती. केक बघायला मिसेस ट्रेगिया पुढे वाकल्या तेव्हा त्यांचा गुडघा माझ्या बटणाला लागला. माझी मोटर गुरगुरली, आख्खं टेबल थरथरलं आणि केक, क्रीम सगळं उडून परीक्षकांच्या अंगावर. पहिलं बक्षीस जर्दाळूच्या मुरंब्याला मिळालं, कारण त्याचं झाकण बंद होतं.